ज्यांना चित्रात जागा नव्हती
(चित्रकार केरी जेम्स मार्शल यांच्या कलेचा अभ्यासपाठ)



आपल्या घरातील मुलांच्या रंगपेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो. मुले त्याला 'स्किन कलर' म्हणतात. आईचे चित्र काढायचे असो की स्वतःचे, मूल तोच खडू हाती घेते. त्या रंगाची कातडी त्या घरात कोणाचीही नसते. आई सावळी, बाप काळा, मूल गव्हाळ; पण कागदावर मात्र सारे गुलाबी. हे त्याला कोणी मुद्दाम शिकविलेले नसते. पुस्तकांतली, दुकानांतली, जाहिरातींतली चित्रे पाहून त्याने एवढेच ताडलेले असते की, चित्रात शोभणारी माणसे आपल्यासारखी नसतात.

ही गोष्ट लहान दिसते. पण माणसाने स्वतःला हलके लेखण्याची सुरुवात अशाच लहान गोष्टींतून होते. या एका प्रश्नाला ज्याने आपले सारे आयुष्य दिले, अशा एका चित्रकाराचा अभ्यास आज आपण करू. त्याचे नाव केरी जेम्स मार्शल. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय आहे.

अमेरिकेतील काळ्या लोकांचा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तिकडच्या चित्रकाराने काय केले, हे समजून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे.

१. बालपण आणि गुरू

मार्शल यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात झाला. त्या काळी तेथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पाण्याचे नळदेखील वेगळे. १९६३ च्या मे महिन्यात याच शहरात हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली आणि पाण्याचे जोरदार फवारे मारले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी तेथील एका चर्चमध्ये बाँबस्फोट केला व त्यात चार काळ्या मुली ठार झाल्या. मार्शल कुटुंब १९६३ सालीच ते शहर सोडून लॉस एंजेलिसला गेले आणि वॉट्स भागातील निकरसन गार्डन्स या सरकारी वसाहतीत राहू लागले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्समध्ये मोठा उद्रेक झाला व ३४ माणसे मेली. अशा जागी वाढलेल्या माणसाला आपल्या समाजाकडे पाठ फिरविता येत नाही, असे मार्शल सांगत आले आहेत.

चित्रांची गोडी त्यांना बर्मिंगहॅमच्या बालवर्गातच लागली. वर्गातील बाईंनी शुभेच्छापत्रांतली आणि मासिकांतली चित्रे कापून एक चिकटवही तयार केली होती. जे मूल शहाण्यासारखे वागेल त्याला ती वही पाहायला मिळे. त्या वहीसमोर बसूनच आपणही अशी चित्रे करावीत, असे त्या पोराला वाटू लागले. पुढे तो संग्रहालयांत जाऊ लागला, कलेच्या इतिहासाची पुस्तके चाळू लागला. तेथे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. थोर म्हणून मानलेल्या चित्रांत काळा माणूस क्वचितच सापडतो, आणि सापडला तर नोकर किंवा गुलाम म्हणून कोपऱ्यात उभा असतो.

शाळेत असतानाच एका पुस्तकातून त्याला चार्ल्स व्हाइट (१९१८–१९७९) या काळ्या चित्रकाराची ओळख झाली. व्हाइट कष्टकरी काळ्या स्त्री-पुरुषांची भव्य आणि भारदस्त रेखाचित्रे काढीत. ते लॉस एंजेलिसच्या ओटिस कलाशाळेत शिकवीत असत. उन्हाळी वर्गाच्या निमित्ताने मार्शल यांना त्यांची चित्रशाळा पाहायला मिळाली. तेथे अर्धवट राहिलेली चित्रे होती. चित्र आकाशातून उतरत नाही. ते रेघ मारून, पुसून, पुन्हा मारून घडविले जाते, हे त्या मुलाने प्रथमच पाहिले. त्याच शाळेत शिकायचे, हा निश्चय त्याने केला आणि १९७८ साली तेथून पदवी घेतली.

२. काळ्या रंगाचे तंत्र

मार्शल यांच्या चित्रकलेला खरे वळण १९८० साली मिळाले. राल्फ एलिसन यांची १९५२ ची 'इनव्हिजिबल मॅन' ही कादंबरी त्यांनी वाचली होती. तिचा नायक हाडामांसाचा आहे. तरी तो कोणाला दिसत नाही, कारण पाहणाऱ्यांना त्याला पाहायचेच नसते. असून नसल्यासारखा असणारा माणूस रंगात कसा दाखवावा, या विचारातून मार्शल यांनी जेमतेम आठ इंच उंचीचे एक चित्र केले. अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्र काढण्याची जुनी युरोपीय पद्धत त्यांनी त्यासाठी वापरली. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस. ठळक दिसतात ते फक्त डोळ्यांचे पांढरे, सदऱ्याचा पांढरा भाग आणि हसताना दिसणारे, मध्ये फट असलेले दात. काळ्यांची टिंगल करण्यासाठी गोऱ्यांनी जी व्यंगचित्रे प्रचारात आणली, त्यांतलेच हे हसू आहे. ते पाहून हसावे की भ्यावे, हे आपल्याला कळत नाही.

त्यानंतर मार्शल यांच्या चित्रांतील माणसे सातत्याने काळी आहेत. सावळी नव्हेत, तपकिरी नव्हेत, काळीच. एखादा विचारील, इतकी काळी माणसे असतात कोठे? मार्शल यांनी हे जाणूनबुजून केले आहे. 'काळा' हा शब्द ज्यांच्या अंगावर शिवीसारखा फेकला गेला, त्यांनी तो रंग सौम्य करून का दाखवावा? त्यांनी तो कमी न करता पूर्ण टोकाला नेला आणि तेथे त्याला सौंदर्य व अधिकार मिळवून दिला.

आता यातील तंत्र पाहू. सपाट काळा रंग फासला तर माणसाचा आकार हरवतो आणि नुसती सावली उरते. सुरुवातीच्या चित्रांत मार्शल यांनी ती सपाट सावलीच वापरली. पुढे मात्र त्यांनी काळ्याच्या आतच रंग शोधले. ते तीन वेगवेगळे काळे रंग वापरतात. एक जाळलेल्या हाडांचा, दुसरा काजळीचा आणि तिसरा लोहाच्या गंजापासून केलेला. हे तिन्ही शेजारी ठेवले की एकसारखे नाहीत, हे कळते. त्यांत ते कोठे निळा, कोठे हिरवा, कोठे जांभळा मिसळतात. त्यामुळे एक काळा उबदार दिसतो, एक थंड दिसतो, आणि गाल, कपाळ, मनगट हे काळ्यावर काळ्यानेच घडविले जातात. घाईने पाहणाऱ्याला सर्व माणसे एकाच रंगाची वाटतात. थांबून पाहणाऱ्याला प्रत्येकाचा चेहरा दिसू लागतो. अशा रीतीने हे चित्र पाहणाऱ्याचीच परीक्षा घेते.

काजळी ही आपल्याही ओळखीची आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील काळा रंग काजळीचाच, आणि तेथील पहिल्या लेण्यातील श्यामवर्ण राजकन्या मोठ्या आदराने रंगविलेली आहे. काळ्या कातडीला चित्रात मान देता येतो, हे आपल्या भूमीतील प्राचीन कलावंतांना माहीत होते.

३. वारंवार येणारे विषय

मार्शल १९८७ साली शिकागोला आले आणि तेथेच स्थायिक झाले. यानंतरच्या त्यांच्या चित्रांतून काही विषय पुन्हा पुन्हा येतात.

पहिला विषय रोजच्या जगण्याचा. युरोपात राजे, लढाया आणि धर्मकथा यांसाठी भिंतभर मोठे चित्र काढण्याची रीत होती. मार्शल यांनी तेवढेच मोठे चित्र न्हाव्याच्या दुकानाचे काढले. १९९३ च्या 'डी स्टाइल' या सुमारे नऊ फूट उंच व दहा फूट रुंद चित्रात काळ्या वस्तीतील केशकर्तनालय आहे. खुर्चीवरचे गिऱ्हाईक, उभा कारागीर, बसलेली मंडळी, सारे दरबारातील मानकऱ्यांसारखे आपल्याकडे पाहतात. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाने हे चित्र त्याच वर्षी विकत घेतले. ज्या शहरात ते मूल संग्रहालयातून रिकाम्या मनाने परतत होते, त्याच शहराच्या भिंतीवर आता त्याची माणसे बसली.

दुसरा विषय वस्तीचा. त्याच साली 'लॉस्ट बॉइज' या चित्रात त्यांनी अकाली हरवलेली मुले रंगविली. एकाच्या हाती खेळण्यातले पिस्तूल आहे आणि झाडाभोवती पोलिसांची फीत गुंडाळलेली आहे. त्या सुमारास मार्शल यांचा धाकटा भाऊ तुरुंगात होता. म्हणजे त्यांनी दुःखाकडे डोळेझाक केली नाही. पण वस्तीत दुःखाखेरीज काहीच नसते, हे मानायलाही ते तयार नव्हते. सरकारी घरांच्या वसाहतींना 'गार्डन्स', म्हणजे बागा, असे नाव असे. आणि वृत्तपत्रांत त्यांची ओळख मात्र खून व अफू-गांजा एवढीच. १९९४–९५ मध्ये त्यांनी अशा पाच वसाहतींवर पाच चित्रे केली. त्यांतील 'मेनी मॅन्शन्स' या चित्रात शिकागोच्या स्टेटवे गार्डन्सच्या उंच इमारतींपुढे पांढरे सदरे आणि टाय घातलेले तीन काळे पुरुष बागकाम करीत आहेत. फुले फुललेली आहेत, निळे पक्षी उडत आहेत. यात थोडा उपरोध आहे, हे खरे. पण त्या वसाहतीत संसार झाले, मुले वाढली, कोणी खरोखरच झाडे लावली, हेही खरेच. त्या इमारती २००७ सालापर्यंत पाडल्या गेल्या. चित्र मात्र शिकागोच्या कला संग्रहालयात उभे आहे.

ही चित्रे ते लाकडी चौकटीवर ताणीत नाहीत. कापडाच्या कडेला धातूच्या कड्या ठोकून ते थेट भिंतीवर टांगतात. मोर्चातील कापडी फलकाची आठवण त्यातून होते. रंगाबरोबर छापील कागद चिकटविणे, अक्षरे लिहिणे, चमकी लावणे, हेही ते करतात. घराघरांत आणि उत्सवांत जे सामान्य साहित्य वापरतात, तेही थोर चित्रात येऊ शकते, असा त्याचा अर्थ.

तिसरा विषय स्मरणाचा. आपल्यापैकी प्रत्येकाने हा विषय मन लावून पाहावा. १९६० नंतर अमेरिकेतील अनेक काळ्या घरांत बैठकीच्या खोलीत मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी बंधू यांची एकत्र तसबीर लावीत. १९९७–९८ च्या 'सुव्हेनिर' या चार चित्रांच्या मालेत मार्शल यांनी अशीच बैठकीची खोली रंगविली. सोफा नीटनेटका आहे, फुलदाण्या जागच्या जागी आहेत, आणि चमकीचे पंख असलेली एक काळी स्त्री ती खोली आवरीत आहे. वरती हक्काच्या लढ्यात मेलेल्यांचे चेहरे तरंगतात. इतिहास सांभाळण्याचे काम पुतळे आणि ग्रंथ जेवढे करतात, तेवढेच तसबिरीवरची धूळ रोज पुसणारी घरची बाई करते, हे मार्शल यांनी ओळखले. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घराला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

चौथा विषय आनंदाचा. १९९७ च्या 'पास्ट टाइम्स' या चित्रात तळ्याकाठी एक काळे कुटुंब पांढऱ्या कपड्यांत सहलीला आले आहे. कोणी गोल्फ खेळतो, कोणी पाण्यावर नाव हाकतो, रेडिओवर गाणी चालू आहेत. हिरवळीवर विसावलेली श्रीमंत माणसे युरोपीय चित्रांत शेकडो वेळा आली आहेत. काळ्या माणसाला चित्रात काम करताना किंवा मार खाताना पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना, त्याला निवांत बसलेले पाहणे हाच एक धक्का असतो.

४. जुन्या आचार्यांशी व्यवहार

युरोपच्या चित्रकारांनी काळ्यांना वगळले, म्हणून त्यांची विद्याच टाकून द्यावी, असे मार्शल म्हणाले नाहीत. त्यांनी ती विद्या मुळापासून शिकून घेतली. २०१२ च्या 'स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर' या चित्रात काळ्या स्त्रियांचे सौंदर्यगृह आहे. बायका केस विंचरताहेत, आरशात पाहताहेत. पुढे जमिनीवर एक विचित्र, ताणलेला पिवळसर आकार तरंगतो. बाजूने पाहिले की कळते, ते डिस्नेच्या गोष्टीतील झोपलेल्या गोऱ्या राजकन्येचे डोके आहे. जर्मन चित्रकार होल्बाइन याने १५३३ च्या आपल्या प्रसिद्ध चित्रात मृत्यूची कवटी अशाच युक्तीने रंगविली होती. होल्बाइनला जेथे मृत्यू दाखवायचा होता, तेथे मार्शल यांनी गोरेपणाच्या सौंदर्याचे भूत ठेवले. मोठ्यांना ते दिसत नाही. खोलीतील एक लहान मूल मात्र वाकून त्याकडे टक लावून पाहते. आपल्या रंगपेटीतील गुलाबी खडूची गोष्ट ती हीच.

२००९ च्या एका चित्रात त्यांनी काळी स्त्री-चित्रकार दाखविली. तिच्या हाती भलीमोठी रंगपाटी आहे. मागे तिचे स्वतःचे चित्र आकडे घातलेल्या चौकटींत अर्धवट रंगविलेले आहे. कोठे कोणता रंग भरायचा, हे आकड्यांनी दुसऱ्याने ठरवून दिलेले. पण कुंचला आता तिच्या हाती आहे.

५. चित्र कोणाचे?

२०१६–१७ मध्ये शिकागो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांत 'मास्ट्री' या नावाने त्यांच्या पस्तीस वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरले. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले. 'पास्ट टाइम्स' हे चित्र शिकागोच्या एका सार्वजनिक संस्थेने १९९७ साली २५ हजार डॉलरला घेतले होते. २०१८ च्या लिलावात ते २ कोटी ११ लक्ष डॉलरला गेले. अमेरिकेत अशा पुनर्विक्रीत चित्रकाराला कायद्याने वाटा मिळत नाही.

पण किंमत वाढली की एक संकटही येते. १९९५ साली मार्शल यांनी शिकागोच्या पश्चिम भागातील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी दहा हजार डॉलरच्या मोबदल्यात 'नॉलेज अँड वंडर' हे भित्तिचित्र केले होते. त्यात काळी मुले आणि माणसे प्रचंड मोठ्या पुस्तकांपुढे विस्मयाने उभी आहेत. २०१८ साली शहराच्या प्रशासनाने ग्रंथालयांसाठी पैसा उभारण्याच्या नावाखाली ते विकायला काढले. त्याला एक कोटी डॉलरहून अधिक किंमत येईल, असा अंदाज होता. मार्शल यांनी उघड नापसंती व्यक्त केली, लोकांतूनही विरोध झाला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये विक्री रद्द झाली. वस्तीतील मुलांसाठी केलेले चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाता जाता राहिले.

दुसरे उदाहरण २०२३ चे. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये १९५३ पासून ली आणि जॅक्सन या सेनापतींच्या सन्मानार्थ रंगीत काचेच्या खिडक्या होत्या. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या बाजूचे हे सेनापती. त्या खिडक्या २०१७ साली काढल्या गेल्या व त्यांच्या जागी मार्शल यांच्या आराखड्यावरून नव्या बसविल्या. त्यांत हाती फलक घेऊन न्याय मागत चाललेली काळी माणसे आहेत. या कामाचा मोबदला त्यांनी किती घ्यावा? १८ डॉलर आणि ६५ सेंट. अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणारी घटनादुरुस्ती १८६५ साली मंजूर झाली. तो आकडा त्या मोबदल्यात आहे.

६. बोध

या अभ्यासातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, जे आपल्याला कमीपणाचे म्हणून चिकटविले गेले, ते लपवून माणूस मोठा होत नाही. मार्शल यांनी काळा रंग फिका केला नाही. त्याच्या आत किती रंग आहेत ते शोधले.

दुसरी, अन्यायाचे चित्र काढलेच पाहिजे. पण पीडित माणूस म्हणजे केवळ त्याची जखम नव्हे. अन्याय चालू असता सहलीची आणि सौंदर्यगृहाची चित्रे कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर असे की, ज्याला सुखाचा अधिकार आहे असे आपल्याला चित्रातही वाटत नाही, त्याच्या हक्कासाठी आपण फार काळ लढणार नाही.

तिसरी, वगळले गेल्याचा राग पुरेसा नाही; त्याच्या जोडीला विद्या हवी. मार्शल चिकटवहीपासून संग्रहालयापर्यंत पोचले ते रेघ मारून, पुसून, पुन्हा मारून.

घरी करावयाचा अभ्यास

१. या आठवड्यात मुलांबरोबर रंग घेऊन बसा. गुलाबी खडू बाजूला ठेवा. तपकिरी, तांबडा, पिवळा आणि थोडा निळा असे जलरंग मिसळून घरातील प्रत्येकाच्या हाताचा रंग तयार करा व तो हाताशेजारी धरून पाहा. प्रत्येकाचा रंग वेगळा निघेल.

२. घरातील भिंतीवर कोणाकोणाची चित्रे आहेत? ती तेथे का आहेत, हे मुलांना सांगा. त्यांची धूळ कोण पुसते, हेही विचारा.

३. मुलांच्या पाठ्यपुस्तकातील चित्रे पाहा. आपल्यासारखी माणसे त्यांत आहेत काय? असल्यास ती काय करताना दाखविली आहेत?

४. आपल्या घरातील एखादा साधा प्रसंग, आजीने पोळ्या लाटणे किंवा बापाने दाढी करणे, मुलांना मोठ्या कागदावर काढायला सांगा. कागद जेवढा मोठा मिळेल तेवढा घ्या.